किल्ल्याचा फोटो आणि १९५६ ची दिवाळी : एक दुरुस्ती

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मंडळाच्या बैठकीत मी एक फोटो दाखवला होता. शहापुरातल्या आमच्या जुन्या घराचं अंगण, अंगणात दिवाळीचा मातीचा किल्ला आणि किल्ल्यापुढे पाठमोरं, उकिडवं बसलेलं एक पोर. हा फोटो १ नोव्हेंबर १९५६ चा, म्हणजे बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं त्या दिवसाचा आहे आणि ते पोर म्हणजे माझे धाकटे काका, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. पुरावा म्हणून मी किल्ल्यावरच्या न पेटवलेल्या पणत्यांकडे बोट दाखवलं होतं. त्यावर माझा निबंधही झाला आणि काही वाचकांनी तो फोटो पुढे इतरांना पाठवला.

तो फोटो १९५६ चा नाही. चूक माझी आहे. ती कशी झाली आणि कशी सापडली हे सांगणं माझं काम आहे, म्हणून हे टिपण. पण ते समजायला आमच्याकडचा किल्ला कसा बांधतात हे आधी सांगावं लागेल, कारण फोटोचं वय मला किल्ल्याच्या सामानानेच सांगितलं. शिवाय बडोदा, इंदूरकडच्या काही वाचकांनी “तुमच्याकडे किल्ला नक्की कसा करतात?” असं विचारलं होतं, त्यांचंही उत्तर यात येईल.

बेळगावात सहामाही परीक्षा संपली की पोरं मातीला लागतात. पूर्वी प्रत्येक घराला अंगण किंवा निदान परसू होतं. जागा ठरली की आधी पोट भरायचं. किल्ल्याचं पोट म्हणजे विटांचे तुकडे, दगड, फुटकी बादली, तळ गेलेली बुट्टी, जे मिळेल ते. या ढिगावर तरट टाकायचं. तरट म्हणजे गोणपाट. लाल माती पाण्यात कालवून ताकापेक्षा दाट आणि पिठल्यापेक्षा पातळ असा राडा करायचा, त्यात तरट बुडवायचं, चांगलं माखलं की दोघांनी दोन टोकं धरून ढिगावर पसरायचं. जिथे चुणी पडते तिथे घळ होते, जिथे आतला दगड वर येतो तिथे बुरूज. डोंगर हाताने घडवायला गेलं की त्याचं वारूळ होतं. तरटाच्या चुण्यांवर सोडलं की तो डोंगरासारखा दिसतो.

इंजिनिअर म्हणून नोकरी केली तेव्हा यातली गंमत कळली. नुसती ओली माती एका मर्यादेपलीकडे उभी राहत नाही, घसरते. तरटाचे धागे तिला ताणात धरून ठेवतात. मातीच्या भरावात पट्ट्या घालून उभ्या भिंती उचलायचं तंत्र फ्रान्सच्या आंरी विदाल यांनी १९६० च्या दशकात रूढ केलं आणि आज उड्डाणपुलांच्या दोन्ही बाजूंचे भराव त्याच तत्त्वावर उभे असतात. आमच्या गल्लीत ते तरटावर चालायचं. पेटंट कोणी घेतलं नाही.

मातीचंही तसंच. बेळगाव दोन मातींच्या सीमेवर बसलेलं गाव आहे. पश्चिमेला खानापूर, चंदगडकडे जांभ्याची लाल माती, पूर्वेला काळी रेगड. काळ्या मातीचा किल्ला पहिल्या दिवशी झकास दिसतो, गुळगुळीत. दुसऱ्या दिवशी उन्हाने तडे जातात, कारण ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. लाल माती फारशी फुगत नाही, त्यामुळे फारशी फाटतही नाही. खानापूरची कौलं आणि मडकी प्रसिद्ध आहेत, कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही तिथे आहे, ते काही उगाच नाही. आमची आजी राड्यात मूठभर भाताचं तूस आणि थोडं शेण घालायला लावायची. दिवाळीच्या सुमारास सुगी आलेली असते, तुसाला तोटा नसतो. आणि परतीचा पाऊस हमखास येतो. एका रात्रीत किल्ला सपाट झालेला मी तीनदा तरी पाहिला आहे. म्हणून वरती पत्रा किंवा जुनी छत्री तयार ठेवायची.

मग पेरणी. उतारावर हळीव, सपाटीवर मोहरी. हळिवाचं बी भिजलं की त्याभोवती बुळबुळीत आवरण तयार होतं, ते उभ्या कड्यालाही चिकटून राहतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवं दिसू लागतं, म्हणून वसुबारसेच्या तीन-चार दिवस आधी पेरायचं. नाचणीला थोडा जास्त वेळ लागतो. गहू पेरला की मात्र जंगल होतं आणि मावळे दिसेनासे होतात, हा अनुभव प्रत्येक पिढी नव्याने घेते.

बाकी सामान घरातलंच. करवंटीची विहीर, फुटक्या आरशाचं तळं, काड्यापेट्यांचा वाडा, पेनच्या टोपणाची तोफ, चुन्याच्या निवळीने रंगवलेली वाट. तळाशी एक गुहा, गुहेत वाघ. किल्ल्यावर सिंहासनावर बसलेले महाराज, खाली भालदार, मावळे, वासुदेव, डोक्यावर घागरी घेतलेली बाई आणि हमखास एक खाकी पोलीस. चित्रं मातीची, कुंभाराकडून आणलेली. मोडलेलं चित्र टाकून द्यायचं नाही, ते लढाईत पडलेलं म्हणून तटाखाली आडवं ठेवायचं.

प्रमाणाचा विचार कोणी करत नाही आणि करूही नये. तरी एकदा मी हिशोब मांडला. रायगड समुद्रसपाटीपासून साधारण ८२० मीटर. आमचा रायगड ८२ सेंटिमीटर धरला तर प्रमाण एकास हजार. त्यावर ठेवलेला सहा सेंटिमीटरचा मावळा प्रत्यक्षात साठ मीटर उंच होतो. असे शंभर मावळे असते तर किल्ल्याची गरजच नव्हती, असं आमची मुलगी म्हणाली.

पण दरवाजाबद्दल मात्र मी पोरांशी वाद घालतो. बघायला येणाऱ्यांना दिसावा म्हणून सगळे दरवाजा समोर, मधोमध करतात. महाराजांच्या गडांवर नेमकं उलटं आहे. दोन बुरुजांच्या कवेत दरवाजा असा लपवलेला असतो की अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. हत्तीला धाव घेऊन धडक द्यायला जागा मिळू नये, तोफेला सरळ रेषा मिळू नये, म्हणून वाट वळवून आणलेली. पोरांना हे सांगितलं की ती मान डोलावतात आणि दरवाजा समोरच करतात. “मग लोकांना दिसणार कसा काका?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

आणखी एक गोष्ट मला नेहमी चमत्कारिक वाटत आली आहे. आमच्या गावात खराखुरा किल्ला आहे. भुईकोट, भोवती रुंद खंदक, आत १२०४ च्या सुमाराची कमल बस्ती, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या बिचीराजा नावाच्या मंत्र्याने बांधलेली. आत असदखान लारीच्या काळची सफा मशीद. एप्रिल १८१८ मध्ये जनरल मन्रोने तो वेढा घालून घेतला. शाळेत जाता-येता दिसणारा हा किल्ला मी एकाही अंगणात पाहिला नाही. पोरं करतात रायगड, प्रतापगड, सिंहगड. फार तर येळ्ळूरचा राजहंसगड, तोही डोंगरावर आहे म्हणून. किल्ला म्हटलं की डोंगर हवा, हे डोक्यात पक्कं बसलेलं आहे. शेजारची कन्नड मुलंही आमच्यात मिसळून हाच डोंगर करायची, फक्त ती त्याला ‘कोटे’ म्हणायची.

ही प्रथा शिवकाळापासूनची आहे असं दरवर्षी कुठेतरी वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. आज आपण करतो तो किल्ला, म्हणजे वर सिंहासनावर महाराज आणि भोवती मावळे, हे चित्र डोळ्यांपुढे यायला आधी ते चित्र घरोघर पोचावं लागतं. १८१८ नंतर गड ओस पडले होते. जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने १८८३ मध्ये रायगडावरच्या समाधीच्या दुर्दशेबद्दल लिहिलं, त्यानंतर जीर्णोद्धाराची चळवळ झाली आणि १८९६ मध्ये टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर पहिला शिवाजी उत्सव झाला. पुढे शाळेची पुस्तकं, स्वस्त छापील चित्रं, मेळे आले. आमच्या बेळगावात तर वैशाखातली शिवजयंती आणि तिचे चित्ररथ ही मोठीच गोष्ट. अंगणातला किल्ला हा त्या चित्ररथांचा घरगुती धाकटा भाऊ वाटतो. मातीशी खेळणं जुनं असेल, पण त्या खेळाला हे रूप गेल्या सव्वाशे वर्षांत आलं असावं. हे माझं अनुमान आहे, आणि अनुमान म्हणूनच घ्यावं. छातीठोकपणाचं काय होतं ते पुढे येतंच आहे.

आता १९५६ ची गोष्ट. ती माझ्या आत्याची. तेव्हा ती दहा वर्षांची होती. शहापूर हे गाव बेळगावला चिकटून असलं तरी १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. संस्थान विलीन झालं आणि शहापूर मुंबई राज्यात आलं. आठ वर्षांनी राज्य पुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेलं. म्हणजे आमचे आजोबा त्याच घरात, त्याच पाटावर बसून आठ वर्षांत तीन सरकारांचे रहिवासी झाले. आत्या सांगते की त्या वर्षी तिने आणि माझ्या वडिलांनी राजहंसगड केला होता. नरक चतुर्दशीच्या पहाटे अंघोळी झाल्या, फराळ झाला, पण किल्ल्यावरच्या पणत्या लावायला आजोबांनी मनाई केली. ते जास्त काही बोलले नाहीत. “यंदा नको,” एवढंच म्हणाले. संध्याकाळी आजीने कोणाला न सांगता गुहेत एक पणती ठेवली. विचारलं तर म्हणाली, “वाघाला अंधारात भ्या वाटंल की.”

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो आणि खरं सांगायचं तर मोठेपणी तिच्यावर माझा विश्वास नव्हता. राज्यं बदलली ती १ नोव्हेंबरला. दिवाळी ऑक्टोबरातही येते, नोव्हेंबरच्या मध्यावरही येते. नेमकी त्याच दिवशी नरक चतुर्दशी? काळा दिन पाळला जाऊ लागला, तो दरवर्षी दिवाळीच्या आसपास येतो, मग दोन्ही आठवणी एकमेकीत मिसळल्या असतील, असं मी धरून चाललो होतो.

मग तीन वर्षांपूर्वी पंचांग काढून बसलो. १९५६ ची आश्विन अमावास्या शुक्रवारी, २ नोव्हेंबरला. म्हणजे गुरुवार, १ नोव्हेंबर १९५६ ची पहाट ही नरक चतुर्दशीचीच पहाट. घाटापलीकडे गोव्यात त्या पहाटे नरकासुर जळत होते, अर्थात तेव्हा तिथे पोर्तुगीज होते. इकडे बेळगावात लोक अभ्यंगस्नान करून उठले ते दुसऱ्या राज्यात. आत्याला फोन करून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग मी एवढी वर्षं काय सांगायलोय?” मी खजील झालो.

पंचांगाने गोष्ट सिद्ध होत नाही, एवढं मला कळतं. तारीख जुळते म्हणजे गोष्ट शक्य आहे, इतकंच. पण त्या आनंदात मी पुढचं पाऊल चुकीचं टाकलं. आत्याच्या ट्रंकेत एक जुना अल्बम होता, काळ्या पानांचा. त्यात हा किल्ल्याचा फोटो. आत्या म्हणाली, “हाच बघ तो किल्ला, पणत्या न लावलेला.” फोटो काळा-पांढरा, किल्ला ओळखीच्या आकाराचा, पणत्या खरोखरच विझलेल्या. मी लगेच विश्वास ठेवला. इतकी वर्षं तिच्यावर अविश्वास दाखवला त्याची भरपाईच जणू.

निबंध आल्यावर खानापूरच्या एका वाचकांनी दोन ओळी कळवल्या. फोटोत उन्हाची सावली स्पष्ट पडली आहे, आणि उन्हात पणत्या कोण लावतं? वाचलं आणि कपाळावर हात मारला. दुपारी काढलेल्या कुठल्याही किल्ल्याच्या फोटोत पणत्या विझलेल्याच असणार. ज्याला मी मुख्य पुरावा म्हणून मिरवत होतो तो पुरावाच नव्हता.

मग फोटो नीट तपासायला घेतला, जसं नोकरीत असताना नापास झालेलं काँक्रीट तपासायचो तसं. आधी सामान पाहिलं. किल्ल्याच्या मध्यावर कारंजं आहे. त्याच्याकडे जाणारी बारीक रेघ मी तार समजलो होतो. मोठी प्रत काढून पाहिली तर ती पारदर्शक नळी, आणि तिच्यावर सलाईनच्या सेटला असते ती थेंब मोजायची कुपी. आमच्या पिढीला हे कारंजं पाठ आहे. दवाखान्यातून वापरलेली नळी मागून आणायची, खिडकीत बादली ठेवायची, नळीचं टोक किल्ल्यात पुरायचं आणि चाकाची चाप ढिली करायची. बादलीतलं पाणी जितकं उंच तितकंच कारंजं उडणार, त्यातूनही नळीतल्या घर्षणाने आणि हवेने थोडं कमी होणार. (आज कोणी मागू नये. तेव्हाही मागायला नको होती, ते लोकांना पुढे कळलं.) त्याच्या आधीच्या पिढीचं कारंजं सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचं होतं. १९५६ मध्ये आमच्या अंगणात प्लास्टिकचा सलाईन सेट असणं मला अशक्यच वाटलं. एका नळीवरून साल ठरवणं धाडसाचं होतं, पण शंका पक्की झाली.

मग आत्याला विचारून फोटो अल्बमच्या पानावरून सोडवला. त्याची उजवी कड शेजारच्या फोटोखाली दबलेली होती, तेवढी पट्टी मी कधी पाहिलीच नव्हती. त्या अर्ध्या इंचाच्या पट्टीत माजघराचं दार आहे आणि दारावर भिंतीवरचं कॅलेंडर. भिंगाखाली नाव वाचता येतं : कालनिर्णय. कालनिर्णय सुरू झालं १९७३ मध्ये. संपला विषय. फोटो १९५६ चा असणं शक्यच नाही.

आता मग कधीचा? कालनिर्णयात वार डावीकडे खालोखाल असतात आणि तारखा उभ्या उतरतात, हे त्यांचं वैशिष्ट्य. भिंगातून शनिवारच्या ओळीत ‘१’ हा आकडा दिसतो आणि वर नोव्हेंबर. म्हणजे १ नोव्हेंबर शनिवारी आलेलं आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच दिवाळी असलेलं वर्ष हवं. १९७३ नंतर अशी दोन वर्षं सापडली, १९७५ आणि १९८६. १९७५ ची अमावास्या ३ नोव्हेंबरला, १९८६ चं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला. दोन्ही वर्षांचं कॅलेंडर वारांसकट एकसारखं. यापुढे कॅलेंडर मदत करेना.

धाकट्या काकांना फोटो पाठवला. ते पुण्यात असतात. “हे तुम्ही आहात का?” त्यांचं उत्तर आलं, “माझी पाठ मी कधी बघितलीय?” बरोबरच आहे. आणि १९७५ मध्ये ते पंचवीस वर्षांचे होते, म्हणजे आता तो प्रश्नच उरला नव्हता.

शेवटी फोटो मोठा करून आत्यासमोर धरला. तिने चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, “हे तू हाईस की रे. दोन भोवरे बघ.”

माझ्या डोक्यावर दोन भोवरे आहेत. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, असं म्हणून लहानपणी मला सगळे चिडवायचे. (एकच झालं. पुरेसं आहे.) त्या पाठमोऱ्या पोराच्या बारीक कापलेल्या केसांत दोन्ही भोवरे लख्ख दिसतात. १९८६ मध्ये मी सोळा वर्षांचा होतो, किल्ल्यापुढे चड्डीत उकिडवा बसलेला नक्कीच नव्हतो. १९७५ मध्ये पाच वर्षांचा होतो. म्हणजे ज्या फोटोवर मी भर बैठकीत अर्धा तास बोललो, त्यात मीच बसलेलो होतो आणि मला स्वतःची ओळख पटली नव्हती.

आत्या मात्र गप्प झाली. तिला वाटलं आता तिची गोष्टही खोटी ठरली. “मग ते पणत्यांचं पण मी मनानंच सांगितलं म्हण की,” असं म्हणाली. तसं नाही, हे तिला समजावायला मला एक संध्याकाळ लागली, आणि त्यासाठी पुन्हा पंचांगच कामाला आलं. एकोणीस सौर वर्षं आणि दोनशे पस्तीस चांद्रमास जवळजवळ सारखे भरतात. म्हणून दर एकोणीस वर्षांनी तिथी पुन्हा त्याच तारखांच्या आसपास येतात, फार तर एखाद्या दिवसाचा फरक. १९५६ मध्ये एकोणीस मिळवा : १९७५. १ नोव्हेंबर पुन्हा ऐन दिवाळीत आला. त्या वर्षी आत्या माहेरी आली होती, हे तिला आठवतं. आजोबा तेव्हा हयात होते. दिवाळीत काळा दिन आला की घरात जुना विषय निघणारच. अंगणात नातवाचा किल्ला, आणि ओट्यावर बसून कोणीतरी १९५६ च्या किल्ल्याची गोष्ट सांगतंय. त्याच दिवाळीत फोटो निघाला. पुढे फोटो राहिला, गोष्ट राहिली, मधली एकोणीस वर्षं गळून पडली. मला तरी याहून साधा खुलासा सुचत नाही.

आजोबांनी त्या वर्षीही पणत्या लावू दिल्या नाहीत का, असं मी आत्याला विचारलं. “छे, त्या वर्षी लावल्या की. तूच फुंकून विझवायलास आणि मार खाल्लास.” याचा फोटो नाही.

तेव्हा दुरुस्ती अशी. फोटो १९७५ च्या दिवाळीचा, शहापूर येथील घराच्या अंगणातला. पाठमोरा मुलगा प्रस्तुत लेखक. १९५६ चा किल्ला कुठल्याही फोटोत नाही, तो फक्त आत्याच्या सांगण्यात आहे, आणि तिने सांगितलेली तिथी व तारीख पंचांगाशी जुळते. मंडळाच्या संग्रहात दोन्ही नोंदी आता वेगवेगळ्या केल्या आहेत. ज्यांनी तो फोटो ‘१९५६’ म्हणून पुढे पाठवला आहे त्यांनी कृपया ही दुरुस्तीही पाठवावी.

यंदा मुलीने आणि मी तो १९५६ चा किल्ला पुन्हा करायचं ठरवलं. आत्या खुर्चीत, आम्ही मातीत. सदनिकेत अंगण नाही, म्हणून गच्चीवर, खाली जुना फ्लेक्स अंथरून. तरट मिळायला चार दुकानं फिरलो, सगळीकडे प्लास्टिकची पोती, आणि प्लास्टिकला माती धरत नाही. बाजारात प्लास्टरचा तयार किल्ला मिळतो, मावळ्यांसकट, दोन मिनिटांत मांडून होतो. आत्याने तो बघून “त्याला पोट नाही” एवढाच शेरा मारला. शेवटी एका भुसार दुकानदाराने मागच्या खोलीतून दोन तरटं काढून दिली, पैसे घेतले नाहीत. माती राजहंसगडाच्या वाटेवरून आणली. दरवाजा मी बुरुजाआड लपवला होता, आत्याने तो समोर घ्यायला लावला. त्या वर्षी तो समोर होता म्हणाली. पुरावा तिचा, म्हणून मी ऐकलं.

वाचकांना एक विनंती आहे. घरी किल्ल्याचे जुने फोटो असतील तर मंडळाला पाठवा, गाव कुठलंही असो, बेळगाव, खानापूर, निपाणी, बडोदा, इंदूर. पाठवताना फोटो कापू नका. कडेला दिसणारं दार, भिंतीवरचं कॅलेंडर, दोरीवरचे कपडे, शेजारची सायकल, सगळं राहू द्या. मागच्या बाजूला काही लिहिलं असेल तर त्या बाजूचाही फोटो काढा. मोबाइलवर काढलेला चालेल. अल्बममधून फोटो ओढून काढू नका, आधी पानासकट एक फोटो घ्या आणि मगच वाफेवर किंवा पातळ पट्टीने हळूच सोडवा. माझ्या फोटोचा एक कोपरा त्या नादात फाटला. आणि घरात कोणी वडीलधारं असेल तर फोटो त्यांच्या हातात देऊन ते काय म्हणतात ते लिहून घ्या, साल चुकलं तरी चालेल.

हळीव पेरून आज तिसरा दिवस. उत्तरेकडच्या उतारावर उगवलं आहे, दक्षिणेकडे उन्हाने माती वाळली, तिकडे अजून काही नाही. तिकडे ओलं फडकं टाकून ठेवलं आहे.